मदत हवी आहे: फॉरमॅटनंतर जुन्या पीसीवर विंडोज ७ चे सिक्युरिटी अपडेट कोणत्या क्रमाने टाकायचे?

अक्षरजुळणी

नमस्कार मंडळी,

नाशिकला पंचवटीत आमचं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, दशक्रियेची कार्डं, शाळांच्या स्मरणिका अशी कामं अण्णा, म्हणजे माझे वडील, वर्षानुवर्षं करत आले आहेत. दुकानातला मुख्य पीसी जुना आहे: कोअर टू ड्युओ, जी४१ बोर्ड, २ जीबी रॅम, ३२ बिटची विंडोज ७ प्रोफेशनल. हार्ड डिस्क आवाज करायला लागली म्हणून ती बदलून एसएसडी बसवली आणि मूळ डीव्हीडीवरून विंडोज नव्याने टाकली. डेटाची प्रत आधीपासून दोन ठिकाणी असते, त्यामुळे तो सगळा सुखरूप आहे.

अडचण अपडेटची आहे. ही डीव्हीडी अगदी सुरुवातीची, तिच्यात सर्व्हिस पॅक (मायक्रोसॉफ्टने एकत्र करून दिलेला अपडेटचा मोठा गठ्ठा) पण नाही. विंडोज अपडेटमध्ये जाऊन ‘चेक फॉर अपडेट्स’ दाबलं की हिरवी पट्टी थोडी फिरते आणि ८००७२ईएफई हा एरर येतो. इंटरनेट एक्स्प्लोरर ८ मध्ये बऱ्याच साइट उघडतच नाहीत, सर्टिफिकेटची तक्रार येते. फॉरमॅट मारून देणारा मुलगा म्हणाला, ‘सातला आता अपडेट नसतात, असंच वापरा.’ माझं मन मानत नाही.

नवीन पीसी घ्या असं कोणी सांगण्याआधी सांगते. नवीन पीसी आहे, बिलं आणि मेल त्यावरच होतात. पण अण्णांचं फॉन्टचं सॉफ्टवेअर जुनं आहे, त्याचा डोंगल, म्हणजे जो लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही तो छोटा खटका, प्रिंटरच्या जुन्या पोर्टला लागतो आणि त्याचा ड्रायव्हर ३२ बिटच्या विंडोजपलीकडे चालत नाही. सगळ्या जुन्या फायली त्या फॉन्टमध्ये आहेत, युनिकोडमध्ये नाहीत. गेल्या वर्षीचा अहवाल उघडून त्यात यंदाचे आकडे भरायचे, असं आमचं निम्मं काम असतं. तुळशीचं लग्न झालं की पत्रिकांची गर्दी सुरू होईल, त्याआधी हा पीसी नीट उभा राहायला हवा.

विचारायचं असं की २०२० पर्यंत जे अपडेट निघाले होते ते अजून मिळतात का, आणि मिळत असतील तर कुठला आधी, कुठला नंतर?

सातपूरकर

ताई, एवढा खटाटोप कशाला? नेटची वायर काढून टाका. आमच्या वर्कशॉपमध्ये ड्रॉइंगचा एक पीसी असाच नेटशिवाय चालतो. नेट नाही तर व्हायरस येणार कुठून?

जुनाजाणता

सातपूरकर भाऊ, वायर काढायचा सल्ला बरोबर आहे, तो मीही देणार आहे. पण व्हायरस कुठून येणार याचं उत्तर डीटीपीवाल्यांना पाठ असतं: गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हमधून. दिवसभरात कोण कोण फोटो आणि मजकूर घेऊन येतं, त्यांचा पेनड्राइव्ह आधी कुठल्या सायबर कॅफेत लागला होता हे कोणाला माहीत?

विंडोज ७ पेनड्राइव्हवरचा प्रोग्राम आपोआप चालू करत नाही, हे खरं. तरी सर्व्हिस पॅक नसलेल्या कोऱ्या विंडोजमध्ये शॉर्टकट फायलींचा एक दोष आहे. स्टक्सनेट नावाचा व्हायरस त्याच वाटेने पसरला होता. तसली फाइल उघडावीसुद्धा लागत नाही. फोल्डर उघडला, तिचं आयकॉन पडद्यावर आलं, की काम झालं. मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०१० मध्ये तो बुजवला. ती दुरुस्ती अपुरी पडली म्हणून मार्च २०१५ मध्ये पुन्हा बुजवला. जून २०१७ मध्ये शॉर्टकटचाच आणखी एक दोष निघाला. म्हणजे ताईंच्या पीसीवर आज ही तिन्ही भोकं उघडी आहेत, आणि त्यांना नेटशी काही देणंघेणं नाही.

दुसरी वाट दुकानातल्या नेटवर्कची. मे २०१७ च्या वॉनाक्रायमध्ये, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसमध्ये, सापडलेली बहुतेक मशिन विंडोज ७ चीच होती. ज्या दोषातून तो शिरला त्याचा अपडेट दोन महिने आधी, मार्चमध्येच आलेला होता. ज्यांनी टाकला होता त्यांच्या मशिनमध्ये त्याला त्या वाटेने शिरता आलं नाही. तुमचे दोन पीसी एकाच प्रिंटरसाठी जोडलेले असतील तर हे तुम्हालाही लागू आहे.

म्हणून ताई, तुमचं मन मानत नाही ते योग्यच आहे. जानेवारी २०२० पर्यंतचे अपडेट फुकट आहेत आणि आजही मिळतात.

आधी एररचं कारण. अपडेट फाइल खरोखर मायक्रोसॉफ्टचीच आहे हे ओळखण्यासाठी तिच्यावर डिजिटल सही असते. पूर्वी ती शा-१ पद्धतीची असे. ती पद्धत कमजोर ठरल्यावर २०१९ मध्ये विंडोज ७ चे अपडेट शा-२ वर गेले, आणि ऑगस्ट २०२० मध्ये अपडेटचे शा-१ वर चालणारे सर्व्हरही बंद झाले. तुमची २००९ ची डीव्हीडी त्याच्या कितीतरी आधीची, तिला नवीन सही वाचता येत नाही. म्हणून पहिले काही अपडेट हातानेच टाकावे लागतात, मग पुढचं विंडोज अपडेट स्वतः पाहतं.

दुकानातल्या नवीन पीसीवर ‘मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉग’ ही मायक्रोसॉफ्टचीच साइट उघडा आणि नंबर (प्रत्येक अपडेटला ‘केबी’ने सुरू होणारा असतो) टाकून एकेक फाइल उतरवा. प्रत्येक नंबरसमोर यादी लांबलचक येते, त्यात सर्व्हरच्या आणि एम्बेडेडच्या फायलीही असतात. तुम्हाला साध्या ‘विंडोज ७’ ची आणि नावात एक्स८६ (म्हणजे ३२ बिट) असलेली हवी. एक्स६४ वाली तुमच्याकडे चालणार नाही.

क्रम असा ठेवा:

१. केबी९७६९३२, म्हणजे सर्व्हिस पॅक १. फाइल सुमारे ५३७ एमबी. हा नसेल तर पुढचं सगळं ‘तुमच्या कॉम्प्युटरला लागू नाही’ म्हणून परत पाठवतं.
२. केबी३०२०३६९. छोटा आहे, पण पुढच्याला तो लागतोच.
३. केबी३१२५५७४. सर्व्हिस पॅकपासून एप्रिल २०१६ पर्यंतचे बहुतेक अपडेट या एकात आहेत. याने खूप वेळ वाचतो.
४. केबी४४९०६२८ आणि त्यानंतर केबी४४७४४१९. शा-२ ची सही वाचायला शिकवणारे हेच दोघं.
५. केबी४५३६९५२, आणि शेवटी केबी४५३४३१०. हा १४ जानेवारी २०२० चा, फुकट मिळालेला शेवटचा मासिक संच.

रीस्टार्ट मागितलं की लगेच करा, पुढचा अपडेट त्यानंतरच. घाईत दोन एकदम लावू नका.

गोदाकाठ

ताई, एक विचारू का? पीसीवरची तारीख बरोबर आहे का? इतक्या जुन्या बोर्डचा सेल बहुधा संपलेला असतो, आणि तारीख चुकली की सर्टिफिकेटच्या तक्रारी येतातच.

अक्षरजुळणी

गोदाकाठ, अगदी बरोबर! लाइट गेली की तारीख २००९ ची होते. आम्हाला वाटायचं जुना पीसी म्हणजे असंच असणार. आज रविवार कारंज्यावरून सीआर२०३२ सेल आणून बसवला, तारीख आता टिकते. काही साइट उघडायला लागल्या, अपडेटचा एरर मात्र तोच आहे.

जुनाजाणता काका, सगळ्या फायली उतरवल्या. सर्व्हिस पॅक व्यवस्थित बसला. पण केबी३०२०३६९ वर डबल क्लिक केलं तर ‘सर्चिंग फॉर अपडेट्स ऑन धिस कॉम्प्युटर’ एवढंच येतं आणि तिथेच अडकतं. दुपारचं जेवण होऊन अण्णांची झोपही झाली, हललं नाही. फाइल खराब असेल का?

जुनाजाणता

फाइल चांगली आहे. जुन्या विंडोज ७ ची ही खोड आहे. हाताने टाकलेला अपडेटसुद्धा आधी सगळी यादी तपासायला जातो आणि त्या शोधात प्रोसेसर अडकून पडतो. नेटची वायर काढा. कंट्रोल पॅनलमधून विंडोज अपडेटच्या सेटिंगमध्ये ‘नेव्हर चेक फॉर अपडेट्स’ निवडा. रीस्टार्ट करा आणि वायर न लावता फाइल चालवा. क्रमांक ५ होईपर्यंत नेट लावायचंच नाही. सगळं झालं की मग सेटिंग परत बदला.

इंदिरानगर_लिनक्स

ताई, मी दुसरी बाजू मांडतो. विंडोज ७ चे फुकट अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबले, आणि कंपन्यांना पैसे भरून मिळणारेही १० जानेवारी २०२३ ला संपले. म्हणजे सगळं मन लावून केलंत तरी त्यानंतरचे दोष उघडेच राहणार. क्रोमसुद्धा सातवर १०९ नंबरला थांबलं. म्हणून हा पीसी फक्त फॉन्टच्या सॉफ्टवेअरसाठी ठेवा. बँक, मेल, व्हॉट्सॲप वेब यातलं काहीही त्यावर नको.

आणि गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह थेट या पीसीला लावूच नका. एखादा पडीक लॅपटॉप असेल तर त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम टाका, पेनड्राइव्ह आधी तिथे उघडा, हवा तेवढाच फोटो किंवा मजकूर दुकानाच्या पेनड्राइव्हवर घ्या आणि तो इकडे आणा. विंडोजसाठी लिहिलेल्या शॉर्टकटच्या युक्त्या लिनक्सवर चालत नाहीत. माझ्या बहिणीच्या झेरॉक्सच्या दुकानात हीच पद्धत आहे. गिऱ्हाइकाला दोन मिनिटं थांबावं लागतं, कोणी कुरकुरत नाही.

सातपूरकर

पेनड्राइव्हचं हे माहीत नव्हतं, आमच्याकडेही ड्रॉइंग पेनड्राइव्हवरूनच येतात. सगळे अपडेट एकाच फाइलमध्ये भरलेले पॅक नेटवर फिरतात, २०२० नंतरचेसुद्धा त्यात असतात म्हणे. ते टाकले तर ही पायऱ्यापायऱ्यांची भानगड वाचेल ना?

जुनाजाणता

भाऊ, ते टाकू नका, ताई तुम्हीही नको. ती फाइल कोणीतरी अनोळखी माणसाने बांधलेली असते आणि तुम्ही ती ॲडमिनच्या अधिकाराने चालवता. आत काय आहे हे तुम्हाला किंवा मला तपासता येत नाही. मशिन सुरक्षित करण्यासाठी हा उद्योग चाललाय, मग त्याची किल्ली परक्याच्या हातात द्यायला मी कधीच सांगणार नाही. कॅटलॉगमधून उतरवायला वेळ लागतो, लागू द्या.

ताई, अपडेट झाल्यावर आणखी दोन गोष्टी. रोजच्या कामासाठी अण्णांचं खातं ‘स्टँडर्ड युजर’ करा, ॲडमिनचं वेगळं आणि पासवर्डचं ठेवा. जुनी सॉफ्टवेअरं कधी कधी साध्या खात्यातून चालायला कुरकुर करतात, तेव्हा ते उघडून, एक पान टाइप करून, प्रिंट काढून बघा. आणि नेटवर्क कार्डाच्या प्रॉपर्टीजमधल्या ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ची खूण काढा. प्रिंटर या पीसीला यूएसबीने लावता आला तर दोन्ही पीसी जोडायची गरजच उरणार नाही.

अक्षरजुळणी

मंडळी, झालं! वायर काढून आणि सेटिंग बदलून केबी३०२०३६९ मिनिटाभरात बसला. केबी३१२५५७४ ला बराच वेळ लागला, ‘कॉन्फिगरिंग’वर पुढे सरकेना तेव्हा अण्णा बटण दाबायला निघाले होते, मी त्यांचा हात धरला. बाकीचे क्रमाने बसले. मग नेट लावून ‘चेक फॉर अपडेट्स’ केलं, तर एरर नाही! यादी आली, त्यात डॉटनेटचे (इतर प्रोग्रामना लागणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या सॉफ्टवेअरचे) बरेच आहेत आणि इंटरनेट एक्स्प्लोरर ११ आहे. ते टाकू का? आम्ही ब्राउझर वापरणारच नाही.

डोंगल चालतो. अण्णांनी पहिली पत्रिका उघडली आणि सगळी जोडाक्षरं जागच्या जागी आहेत हे बघून त्यांनी कोणाला तरी फोन करून सांगितलं. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार.

जुनाजाणता

फार छान, ताई. दोन्ही टाका. ब्राउझर उघडला नाही तरी इंटरनेट एक्स्प्लोररचे भाग इतर प्रोग्राम आतून वापरतात, आणि जानेवारी २०१६ नंतर सातवर दुरुस्त्या फक्त ११ लाच मिळाल्या. ते बसलं की पुन्हा एकदा तपासा, मासिक संच परत दिसला तर परत टाका. यादी रिकामी होईपर्यंत हेच. मग वायर काढा, कायमची.

त्यानंतर ‘बॅकअप अँड रिस्टोर’मध्ये डावीकडे ‘क्रिएट अ सिस्टिम इमेज’ आहे. बाहेरच्या हार्ड डिस्कवर अख्ख्या सी ड्राइव्हची प्रत घ्या आणि त्याच खिडकीतून कोऱ्या डीव्हीडीवर रिपेअर डिस्कही बनवून ठेवा. ही एसएसडी गेली तर दुसरी लावून तीच प्रत ओतायची, अपडेट, फॉन्ट, डोंगलचा ड्रायव्हर सगळं जसंच्या तसं येईल. उतरवलेल्या फायलींचा फोल्डरही त्याच डिस्कवर ठेवा.

अक्षरजुळणी

काका, नवीन एसएसडी २४० जीबीची आहे. पुढे १२० ची मिळाली तर त्यावर ही प्रत बसेल का?

जुनाजाणता

नाही बसणार. आत डेटा कमी असला तरी नवीन डिस्क निदान तेवढ्याच मापाची लागते. २४० किंवा त्याहून मोठीच घ्या, आणि प्रत घेतल्याची तारीख डिस्कवर चिकटवून ठेवा.