‘साखर नाही’ अशी चिठ्ठी लावलेला केक (सोसायटीचा ग्रुप, रविवार सकाळ)

३०४ वहिनी (७:१२): काल गच्चीवर कॉफीच्या टेबलापाशी ‘साखर नाही, हेल्दी’ अशी चिठ्ठी लावलेला चॉकलेट केक कुणाचा होता? आमच्या सासूबाईंनी चिठ्ठी वाचून विश्वासाने दोन तुकडे खाल्ले. झोपायच्या आधी शुगर बघितली तर २६८. रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

१०१ आजोबा (७:१४): सुप्रभात 🙏 कालची कॉफी फक्कड. केक मात्र माझ्यापर्यंत पोचलाच नाही.

३०४ वहिनी: आजोबा, वर काय लिहिलंय ते वाचलंत का?

१०१ आजोबा: चष्मा आणतो.

सेक्रेटरी: वहिनी, आई आता कशा आहेत?

३०४ वहिनी: आता बऱ्या आहेत. सकाळी उपाशीपोटी १४२. पण मला उत्तर हवंय.

४०१ काका: कुणाचेही नाव न घेता एक सूचना. पदार्थासमोर नुसते नाव किंवा कौतुक न लिहिता घटकांची यादी लावावी. हे मी मागच्या वेळीही लेखी दिले होते.

५०२ ताई: नाव न घेता कशाला काका, घ्या की. केक माझा होता हे अख्ख्या बिल्डिंगला माहीत आहे. साखरेचा कणसुद्धा घातलेला नव्हता. खजूर, मध, कणीक, कोको, तेल. मैद्याचं बोटसुद्धा नाही. सकाळी सहापासून राबत होते मी.

३०४ वहिनी: कष्टांबद्दल मी काही बोललेच नाही ताई. खजूर आणि मध ही साखर नाही का, एवढंच विचारतेय.

५०२ ताई: नैसर्गिक आहे ते. पांढरी साखर आणि ते एकच का?

३०४ वहिनी: रक्ताला रंग दिसतो का ताई?

१०१ आजोबा: 😀

५०२ ताई: हसायला काय झालं आजोबा?

१०१ आजोबा: चुकून दाबलं गेलं.

१०३ काकू: [व्हॉइस मेसेज, ३ मि. ०५ से.]

सेक्रेटरी: काकू, जरा टाइप कराल? घरात सगळे झोपलेत.

१०३ काकू: माझा तळ निघणारा केकचा टिन कुणाकडे आहे. मोठा आहे. कडेला पोचा आहे. एवढंच.

सेक्रेटरी: ३ मिनिटांत एवढंच होतं?

६०३ डॉक्टर (७:४०): आत्ता बघितलं. वहिनी, आजींच्या गोळ्यांच्या वेळा नेहमीच्याच ठेवा, मनाने वाढवू नका, आणि दुपारी जेवल्यावर २ तासांनी परत बघा. आता केकबद्दल. १०० ग्रॅम खजुरात साधारण ६५ ग्रॅम साखरच असते. मधात ८० च्या आसपास. खजुरात तंतू असतात, ही त्याची जमेची बाजू. पण केकमध्ये आपण तो वाटून, गाळून, भरपूर घालतो. आणि ज्याच्याकडे कुणी बघतच नाही ते म्हणजे पीठ. कणीक असो की मैदा, त्यातल्या स्टार्चचं पोटात ग्लुकोजच होतं. गोड अजिबात न घातलेला केकसुद्धा शुगर वाढवतो.

५०२ ताई: मग डॉक्टर, हेल्दी म्हणजे काय करायचं? उपास?

६०३ डॉक्टर: तसं नाही ताई. कणकेमुळे तंतू मिळाले, पामतेलाची क्रीम टळली, हे चांगलंच. बाकीच्यांसाठी तो केक बाजारातल्यापेक्षा कितीतरी बरा. फक्त मधुमेहाच्या माणसासाठी ती चिठ्ठी दिशाभूल करते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये साखरेची जी मर्यादा सांगितली, दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी, त्यात मध धरलेला आहे. अख्खं फळ नाही धरलेलं.

४०१ काका: म्हणूनच घटकांची यादी. पुन्हा सांगतो.

२०२ (८:०५): गुड मॉर्निंग. ताई, केकची चव छान होती, पण मागून किंचित साबणासारखं लागत होतं. सोडा जास्त झाला का?

५०२ ताई: तू पण?

२०२: नाही नाही, मला शिकायचंय. कोको कुठला वापरलात? काळपट की तपकिरी?

५०२ ताई: काळपट. चांगला महागातला.

२०२: मग तेच. काळपट कोकोचा आंबटपणा कारखान्यातच काढून टाकलेला असतो. सोड्याला फुलायला आंबट काहीतरी लागतं. ते कमी पडलं की सोडा तसाच उरतो आणि जिभेला कळतो. तपकिरी कोको घ्या, नाहीतर अर्धं पाणी काढून दही घाला. किंवा सरळ बेकिंग पावडर, तिच्यात आम्ल आधीच असतं. आणि पाण्याऐवजी गरम काळी कॉफी ओता. कॉफीची चव येत नाही, चॉकलेट मात्र गडद होतं.

१०१ आजोबा: प्रत्येक रोगावर याचं एकच औषध. कॉफी.

१०३ काकू: २०२ चा विषय निघालाच आहे तर. काल दुपारी माझ्या पांढऱ्या चादरीवर तपकिरी पापुद्रे येऊन पडलेत. कांद्याच्या सालासारखे, पण बारीक. झटकले तर चुरा होतो. हे कुठून येतं ते मला माहीत आहे.

२०२: काकू, सॉरी. कॉफीच्या दाण्याची साल असते ती, मी घरी दाणे भाजतो तेव्हा सुटते. काल वारा उलटा होता.

१०३ काकू: वारा दर शनिवारी उलटाच असतो.

३०१: आणि धूर? आमच्या बेडरूममध्ये जळका वास येतो. लहान बाळ आहे घरात.

२०२: गडद भाजतो तेव्हाच धूर होतो. दाणा पहिल्यांदा तडतडल्यावर लगेच काढला तर फारसा होत नाही. यापुढे मध्यमच भाजेन, आणि चाळणीवर ओला रुमाल टाकून.

३०१: आणि ग्राइंडर? सकाळी साडेपाचला?

२०२: दळून ठेवली की वास उडतो हो. आयत्या वेळीच दळावी लागते.

३०१: आमचं बाळही आयत्या वेळीच उठतं.

सेक्रेटरी: मंडळी, एका वेळी एक विषय.

४०१ काका: विषय एकच आहे. घटकांची यादी लावावी.

५०२ ताई: ३०१, तुमच्या बाळाला परवा दिलेला मधाचा छोटा केक आवडला का हो? त्यात तर दूधसुद्धा नव्हतं.

६०३ डॉक्टर: थांबा. ३०१, बाळ किती महिन्यांचं? एक वर्षाच्या आत मध अजिबात द्यायचा नाही, भाजलेल्या पदार्थातूनही नाही. मधात कधीकधी बोटुलिझम नावाच्या विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असतात. केक आतून १०० अंशांच्या वर जात नाही, तेवढ्याने ते मरत नाहीत. मोठ्यांना काही होत नाही, बाळाच्या आतड्यात मात्र ते वाढू शकतात.

३०१: दिला नाही डॉक्टर. आम्हीच खाल्ला. ९ महिने. बरं झालं सांगितलंत.

५०२ ताई: मला कुणी सांगितलंय का हे कधी? मी प्रेमाने करते आणि इथे सकाळपासून उलटतपासणी चाललीये.

हा मेसेज डिलीट करण्यात आला.

५०२ ताई: ३०४, काय डिलीट केलंत?

३०४ वहिनी: टायपिंग चुकलं होतं.

१०१ आजोबा: चष्मा मिळाला. वाचलं सगळं. वहिनी, सासूबाईंना नमस्कार सांगा. ताई, पुढचा केक तळमजल्यावरून वर न्यायला सुरुवात करा.

२०४ काकू: ताई, रागावू नका, पण एक खरंच विचारायचं होतं. माझा कणकेचा केक नेहमी विटेसारखा होतो. तुमचा इतका मऊ कसा?

५०२ ताई (८:४८): हा प्रश्न कुणीतरी विचारला एकदाचा. कणकेला पाणी जास्त लागतं. मैद्याच्या रेसिपीत नुसती कणीक घातली की कोरडं होणारच. दोनतीन चमचे दूध जास्त घालायचं आणि पीठ भिजवल्यावर २० मिनिटं तसंच ठेवायचं, कोंडा मऊ पडतो. सोडा आणि कोको मात्र अगदी शेवटी, आधी घातला तर सगळी हवा ओव्हनच्या बाहेरच जाते. पहिल्यांदा करताना अर्धा मैदा ठेवा. आणि कपाने मोजू नका. दाबून भरलेला कप आणि चमच्याने हलकेच भरलेला कप यांत सहज २०-३० ग्रॅमचा फरक पडतो. वजनकाटा घ्या. निम्म्या विटा तिथेच थांबतील.

२०४ काकू: आणि साखर कमी केली तर?

५०२ ताई: पाव हिस्सा डोळे मिटून कमी करा, कुणाला कळत नाही. तिसरा हिस्सासुद्धा चालतो. त्याच्या पलीकडे नुसती गोडी जात नाही, केक कोरडा पडतो, वरून रंग येत नाही. साखर पाणी धरून ठेवते ना. मध घातला तर ओव्हन १५ अंश कमी, नाहीतर वरून काळा आणि आतून कच्चा.

३०४ वहिनी: हे उपयोगाचं आहे. चिठ्ठीवर एवढं असतं तर मी काही बोललेच नसते.

५०२ ताई: चिठ्ठी पोस्टकार्डाएवढी असते वहिनी.

४०१ काका: मागच्या बाजूलाही लिहिता येते. घटकांची यादी. चौथ्यांदा सांगतो.

१०१ आजोबा: काका, तुम्हाला काल झोप लागली नाही वाटतं.

४०१ काका: नाही लागली. रात्री साडेआठला मला जी कॉफी दिली गेली ती अति कडक होती. दोनला डोळा लागला. यापुढे गडद भाजलेली देऊ नये.

२०२: काका, कडूपणावरून झोप उडवणारं कॅफीन किती ते ठरत नाही. गडद भाजली तरी कॅफीन जवळपास तेवढंच असतं. दोष वेळेचा. निम्मं कॅफीन शरीरातून जायलाच सरासरी ५ तास लागतात. साडेआठला प्यायलात, म्हणजे दीड वाजता अर्धी कॉफी अजून तुमच्यातच होती. पुढच्या वेळी ६ नंतर डिकॅफ, म्हणजे कॅफीन काढलेली, ठेवतो. तिच्यातही थोडं उरतंच, पण अगदी थोडं.

६०३ डॉक्टर: बरोबर. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये निरोगी प्रौढांना दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन चालतं असं सांगितलंय, गरोदर बायकांना २००. पण काका, तुमचा प्रश्न वेगळा आहे. कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट आला का? तुम्ही अजून ती दांड्याने दाबायचीच कॉफी पिता ना?

४०१ काका: फ्रेंच प्रेस. मुलाने आणून दिली आहे. रिपोर्ट हा ग्रुपचा विषय नव्हे.

६०३ डॉक्टर: ठीक. मग सगळ्यांसाठी सांगते. जाळीतून गाळलेल्या किंवा उकळलेल्या कॉफीत दाण्याचं तेल उतरतं, त्यात कॅफेस्टॉल असतं, ते एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढवतं. कागदी फिल्टर ते बऱ्यापैकी अडवतो. ज्यांचं वाढलेलं आहे त्यांनी कागदातूनच गाळावी. आणि रक्त कमी असणाऱ्यांनी जेवणाला लागून कॉफी नको, लोह नीट शोषलं जात नाही.

१०१ आजोबा: कागदातून गाळलेली कॉफी म्हणजे कागदाचा काढा.

२०२: आजोबा, आधी कागद नुसत्या गरम पाण्याने धुवून घ्यायचा, मग वास येत नाही. हा कागद १९०८ मध्ये ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ बाईंनी काढला. मुलाच्या वहीतला टिपकागद घेतला आणि पितळी भांड्याला भोकं पाडून त्यात ठेवला. घरातल्या कॉफीत गाळ राहतो म्हणून वैतागल्या होत्या.

१०३ काकू: बघा, त्या काळच्या बायका भांड्याला भोकं पाडायच्या पण भांडं दुसऱ्याचं ठेवून घेत नव्हत्या. माझा टिन.

२०४ काकू: 😂

२०२: कुणी करून बघणार असेल तर १५ ग्रॅम कॉफी, २४० ग्रॅम पाणी. उकळी आली की मिनिटभर थांबा. आधी थोडंसंच पाणी घालून अर्धा मिनिट फुलू द्या. ताजी भाजलेली असेल तर फेस वर येतो, तो आतला वायू. मग बाकीचं. आणि जरा निवू द्या. ६५ अंशांच्या वरचं कुठलंही कढत पेय अन्ननलिकेला बरं नाही, २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तसं सांगितलंय. कॉफीचा दोष नाही, कढतपणाचा.

१०१ आजोबा: याला सोसायटीचा कॉफीमंत्री करा. धूर खातं पण त्याच्याकडेच.

सेक्रेटरी (९:३०): ठरलं ते लिहितो. पुढच्या कार्यक्रमापासून प्रत्येक पदार्थासमोर घटक लिहायचे. साखर, मध, खजूर यांचं वजन वेगळं. सुकामेवा असेल तर ठळक. ‘हेल्दी’ हा शब्द नको. मधुमेहींसाठी वेगळं टेबल, त्यावर शेंगदाणे, चीज, काकडी. कॉफी दोन भांड्यांत, एक डिकॅफ. २०२ ने कॉफी भाजायच्या आदल्या रात्री ग्रुपवर कळवायचं, म्हणजे कपडे आत घेता येतील.

४०१ काका: अनुमोदन. हेच मी सकाळपासून सांगतो आहे.

५०२ ताई: मी वजनासकट यादी लावीन. मग कुणी म्हणू नका की ताई रेसिपी मिरवते. आणि वहिनी, सासूबाईंना विचारा, बिनगोडाची दालचिनी घातलेली बदामाची बिस्किटं चालतील का. पीठ नाही त्यात. दोनच देईन.

३०४ वहिनी: विचारते. डॉक्टर, चालतील?

६०३ डॉक्टर: दोन चालतील. दोन म्हणजे दोन.

१०३ काकू: आणि टिन?

सेक्रेटरी: काकू, टिनचं मी घरोघर विचारतो. २०२, ग्राइंडर सकाळी ७ नंतर. लेखी समजावं.

२०२: ७ ला दळायला घेतली तर प्यायला सव्वासात होतात हो. पावणेसात करा ना.

३०१: नाही.