शिक्षणशास्त्रातील पीएचडी आणि मास्टर्स (अमेरिका): मार्च उजाडला, निर्णय मात्र नाही

वहीपेन (प्रश्न)

अमेरिकेतील काही विद्यापीठांच्या शिक्षणशास्त्र विभागांकडे मी येत्या ऑगस्टच्या सत्रासाठी अर्ज केले आहेत. त्यांतील काही पीएचडीचे आहेत, तर काही एका वर्षाच्या मास्टर्सचे. अर्जांच्या मुदती डिसेंबरच्या सुरुवातीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत संपल्या. आता मार्चचा पहिला आठवडा सरत आला आहे. एका पीएचडी विभागाने जानेवारीअखेरीस झूमवर मुलाखत घेतली, ती माझ्या मते बरी झाली, आणि त्यानंतर तिकडून एक अक्षरही आलेले नाही. दुसऱ्या एका ठिकाणी मुलाखत झालीच नाही आणि पोर्टलवर अर्ज विचाराधीन असल्याचे तेच वाक्य जानेवारीपासून दिसत आहे. एका मास्टर्सकडून मात्र प्रवेशाचे पत्र आले असून त्यात शुल्काचा काही भाग भागवणारी शिष्यवृत्तीही आहे. अडचण एवढीच की होकार आणि डिपॉझिट मार्चअखेरपर्यंत द्यायचे आहे, म्हणजे पीएचडीचे निर्णय हाती येण्यापूर्वीच.

मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. पुढील वर्षाचे वर्गवाटप आमच्याकडे लवकर ठरत असल्यामुळे मुख्याध्यापिकांना ‘मी आहे’ किंवा ‘मी नाही’ यांपैकी काहीतरी सांगणे भाग आहे, आणि आजच्या घडीला ही दोन्ही उत्तरे खोटी ठरू शकतात.

मुलाखतीनंतरच्या या शांततेचा अर्थ काय लावावा? विभागाला पत्र लिहून विचारणे आगाऊपणाचे ठरेल का, आणि लिहायचेच असेल तर कोणाला? मास्टर्सच्या डिपॉझिटचे काय करावे? शिवाय, ग्रॅडकॅफेवर (अर्जदार आपापले निकाल नोंदवतात त्या संकेतस्थळावर) इतरांचे निकाल पाहण्यात माझ्या संध्याकाळी जात आहेत. त्यातून खरोखर काही कळते का, हेही अनुभवी मंडळींनी सांगावे.

तिसरा बाक

मी अमेरिकेतील एका शिक्षणशास्त्र महाविद्यालयात शिकवतो आणि तेथील पीएचडी प्रवेश समितीवर काम केले आहे, म्हणून आतून जे दिसते ते सांगतो. पहिली गोष्ट म्हणजे मास्टर्सची आणि पीएचडीची शांतता एकाच मापाने मोजू नका. मास्टर्सचे निर्णय बहुतेक ठिकाणी प्रवेश कार्यालय ठरलेल्या दिवशी सर्वांना एकदम कळवते. तोपर्यंतच्या शांततेत काहीही दडलेले नसते. पीएचडीचे निर्णय टप्प्याटप्प्याने होतात आणि प्रत्येक टप्प्यावर ते वेगळ्या माणसांच्या टेबलावर असतात.

आधी दोन-तीन प्राध्यापक प्रत्येक अर्ज वाचतात आणि छोटी यादी तयार होते. मग बैठक बसते आणि तिथे चर्चेचा सूर पार बदलतो. त्या टप्प्याला उरलेले जवळपास सगळेच अर्ज चांगले असतात, त्यामुळे उमेदवार हुशार आहे की नाही यावर फारसा वेळ जात नाही. वेळ जातो तो हिला मार्गदर्शन कोण करणार आणि हिची पुढच्या चार-पाच वर्षांची सोय कोणत्या पैशातून होणार यावर. गणितशिक्षणाच्या ज्या प्राध्यापकांचे नाव तुम्ही एसओपीमध्ये (अर्जासोबतच्या उद्देशपत्रात) लिहिले असेल त्या पुढच्या वर्षी रजेवर असतील, किंवा त्यांच्याकडे आधीच पुरेसे विद्यार्थी असतील, तर उत्तम अर्जही तिथेच अडतो आणि अर्जदाराला त्याचे कारण कधीच कळत नाही. बैठकीनंतर विभागाची शिफारस अधिष्ठात्यांच्या कार्यालयाकडे आणि तेथून विद्यापीठाच्या ग्रॅज्युएट स्कूलकडे जाते. अधिकृत पत्र शेवटी तिथून निघते आणि पोर्टलवरचे ते वाक्य तेव्हाच बदलते. अधल्यामधल्या हालचाली पोर्टलवर उमटत नाहीत, म्हणून ते दिवसातून कितीदा उघडले तरी काही फरक पडत नाही.

आता तुमच्या मुलाखतीविषयी. जानेवारीअखेर मुलाखत होऊनही मार्चमध्ये पत्र नाही, याचा अर्थ पहिल्या फेरीतील ऑफर तुम्हाला न जाण्याची शक्यता अधिक आहे. हे गोड करून सांगण्यात अर्थ नाही. परंतु याचा अर्थ नकार असाही नाही. विभाग पहिल्या फेरीत मोजक्या उमेदवारांना विचारतो आणि त्यांच्यापैकी कोणी दुसरीकडे जाईल हे गृहीत धरून आणखी काही जणांना मागे राखून ठेवतो. कधी त्यांना प्रतीक्षायादीत असल्याचे स्पष्ट कळवले जाते, तर कधी काहीच कळवले जात नाही. दुसरा प्रकार मला व्यक्तिशः अजिबात पसंत नाही, पण तो चालतो. नकाराची पत्रे अनेकदा सर्वांत शेवटी निघतात ती यामुळेच.

यात गेल्या काही काळात पैशाची अनिश्चितता वाढली आहे. शिक्षणसंशोधनातील पुष्कळ असिस्टंटशिप (विद्यार्थ्याने संशोधनात किंवा अध्यापनात मदत करायची आणि त्याबदल्यात वेतन घ्यायचे, अशी कामे) प्राध्यापकांना मिळालेल्या अनुदानांवर चालतात आणि त्यांतील मोठा वाटा केंद्र सरकारचा असतो. फेब्रुवारी 2025 मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन सायन्सेस या अमेरिकी शिक्षण खात्याच्या संशोधन शाखेची अनेक कंत्राटे अचानक रद्द झाली आणि पुढच्याच महिन्यात शिक्षण खात्याने आपले जवळजवळ निम्मे कर्मचारी कमी करण्याचा निर्णय जाहीर केला. त्या वसंतात अनेक विद्यापीठांनी पीएचडीच्या जागांना कात्री लावली. त्यामुळे प्राध्यापकाला विद्यार्थी हवा आहे, समितीनेही मान्यता दिली आहे, आणि तरीही पैशाच्या मंजुरीसाठी पत्र अडून राहिले आहे, हे आता अपवादात्मक राहिलेले नाही.

पत्र जरूर लिहा. तुमच्या हातात दुसरी ऑफर आहे आणि तिला मुदत आहे, हे पत्र लिहिण्याचे अगदी रास्त कारण आहे. ते विभागाच्या ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटरला लिहावे, समितीवरील प्रत्येक प्राध्यापकाला स्वतंत्रपणे लिहू नये. चार वाक्ये पुरेत: अर्जाचा क्रमांक आणि मुलाखतीची तारीख, या विभागातील तुमचे स्वारस्य कायम असल्याचा उल्लेख, दुसऱ्या ऑफरची उत्तराची तारीख, आणि आपला अर्ज सध्या कोणत्या टप्प्यावर आहे ही विचारणा. स्वतःच्या गुणवत्तेचे पुन्हा वर्णन करू नका, ते त्यांनी वाचलेले असते. जिथे मुलाखत झाली नाही, तो विभाग एरवी मुलाखती घेतो का, हे आधी त्यांच्या संकेतस्थळावर पाहा. तो सर्वच उमेदवारांच्या मुलाखती घेत असेल, तर तिथून फारशी अपेक्षा ठेवू नका.

पंधरा एप्रिल

डिपॉझिटबद्दल लिहितो, कारण येथे पुष्कळ जण अकारण घाबरतात. अमेरिकेत कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या संस्थेचा एक ठराव आहे आणि अनेक विद्यापीठांनी त्यावर सही केली आहे. त्यानुसार आर्थिक साहाय्याच्या ऑफरला 15 एप्रिलपूर्वी उत्तर देण्याचे बंधन विद्यार्थ्यावर नसते. आधी होकार दिला असला तरी 15 एप्रिलपर्यंत तो लेखी कळवून मागे घेता येतो. मात्र हा ठराव शिष्यवृत्ती, फेलोशिप, असिस्टंटशिप अशा साहाय्यापुरता आहे. ज्या ऑफरमध्ये पैसाच नाही, तिच्या उत्तराची तारीख विद्यापीठ आपल्या सोयीने ठेवू शकते.

तुमच्या पत्रात शिष्यवृत्ती आहे, म्हणून प्रथम ते विद्यापीठ सही करणाऱ्यांच्या यादीत आहे का हे तपासा. यादी संस्थेच्या संकेतस्थळावर उपलब्ध आहे, आणि काही विद्यापीठे विशिष्ट अभ्यासक्रम वगळतात, तेही तिथे पाहावे. मग प्रवेश कार्यालयाला ठरावाचा उल्लेख करून 15 एप्रिलपर्यंत मुदत वाढवून मागा. कायद्याचा बडगा उगारल्यासारखे लिहू नका, कारण हा कायदा नाही, विद्यापीठांनी आपणहून मान्य केलेला संकेत आहे. सभ्य शब्दांत मागितलेली मुदतवाढ, यादीत नसलेली विद्यापीठेसुद्धा पुष्कळदा देतात.

मुदतवाढ मिळालीच नाही, तर डिपॉझिटची रक्कम ही पर्याय खुला ठेवण्याची किंमत समजून विचार करा. ती बहुधा परत मिळत नाही. ती गेली तर झेपेल का, हे आज ठरवा, आणि पीएचडीची ऑफर आल्यास मास्टर्सला त्याच दिवशी नकार कळवा, कारण तुमच्या जागेची वाट पाहणारेही कोणीतरी असते.

समास

ग्रॅडकॅफेच्या बाबतीत माझे मत वरील दोघांपेक्षा कडक आहे, किंबहुना त्यांनी त्याकडे दुर्लक्ष केले म्हणून लिहिते आहे. त्या नोंदींवरून एखाद्या विभागाची पत्रे साधारण कोणत्या आठवड्यात निघतात एवढे कळते आणि तेवढ्यासाठी तिथे एकदा जावे. परंतु शिक्षणशास्त्रात त्या नोंदी इतर विषयांपेक्षाही अधिक फसव्या आहेत. टीचर्स कॉलेज, कोलंबिया येथे एमए, एडएम (मास्टर ऑफ एज्युकेशन), एडडी (डॉक्टर ऑफ एज्युकेशन) आणि पीएचडी अशा सर्व पदव्या आहेत आणि कितीतरी वेगवेगळे अभ्यासक्रम आहेत. कोणी नुसतेच ‘टीचर्स कॉलेज, प्रवेश मिळाला’ असे लिहिले, तर त्यातून तुमच्या अर्जाविषयी काहीही निष्पन्न होत नाही. हार्वर्डच्या शिक्षणशास्त्र विभागाने एडडी बंद करून 2014 पासून पीएचडीची तुकडी घेण्यास सुरुवात केली, त्यामुळे तेथील जुन्या एडडीच्या नोंदी आजच्या अर्जदाराला निरुपयोगी आहेत. त्यात भर म्हणजे ज्यांना मुलाखतीनंतर काहीच कळलेले नाही ते सहसा काही नोंदवत नाहीत, त्यामुळे आपण सोडून सर्वांचे निकाल लागले असा भास होतो.

शाळेविषयीही एक सुचवते, कारण मी स्वतः नोकरी करताना याच पेचातून गेले आहे. मुख्याध्यापिकांना ‘हो’ किंवा ‘नाही’ न सांगता तारीख सांगा: माझे अर्ज प्रलंबित आहेत, 15 एप्रिलच्या सुमारास मी निश्चित लेखी कळवीन, आणि तोपर्यंत दहावीचे वर्ग माझ्याकडे गृहीत धरू नयेत. वर्गवाटप करणाऱ्याला अनिश्चिततेचा त्रास होतोच, पण जूनमध्ये अचानक राजीनामा आल्यावर जो होतो त्यापुढे तो काहीच नाही. वरिष्ठ विश्वासातल्या नसतील, तर मात्र हा सल्ला तसाच्या तसा अमलात आणू नका. लेखी ऑफर हाती येईपर्यंत नोकरी धोक्यात घालणे शहाणपणाचे नाही.

वहीपेन

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मी ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटरना चार वाक्यांचे पत्र लिहिले आणि दुसऱ्याच दिवशी उत्तर आले: अर्ज अजून विचारात आहे, पहिल्या फेरीतील उमेदवारांची उत्तरे आल्यावर कळवू, आणि हे 15 एप्रिलपर्यंत लांबू शकते. म्हणजे ‘तिसरा बाक’ यांनी म्हटल्याप्रमाणे मी राखीव यादीतच आहे. मास्टर्सच्या कार्यालयाने 15 एप्रिलपर्यंत मुदत वाढवून दिली. मुख्याध्यापिकांशीही बोलले, त्यांनी तारीख मान्य केली, चेहरा मात्र फारसा प्रसन्न नव्हता.

आता दोन शंका उरतात. ऑफर थेट 15 एप्रिलला आली, तर व्हिसासाठी पुरेसा वेळ राहतो का? आणि पीएचडीचे पत्र आलेच, तर त्यातील फंडिंग नेमके कसे वाचावे?

पंधरा एप्रिल

वेळ राहतो, परंतु ढिलाई करण्याइतका राहत नाही. होकार दिल्यावर विद्यापीठ आय-20 हे व्हिसासाठी लागणारे प्रमाणपत्र देते. त्यासाठी किमान पहिल्या वर्षाच्या खर्चाची तरतूद दाखवावी लागते. पूर्ण फंडिंग असलेल्या पीएचडीत ऑफरचे पत्रच तो पुरावा ठरते, मास्टर्समध्ये उरलेली रक्कम तुम्हाला दाखवावी लागेल. आय-20 आल्यावर सेव्हिसचे (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचे) 350 डॉलर भरायचे, डीएस-160 हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज भरायचा आणि मुलाखतीची तारीख घ्यायची. एफ-1 हा विद्यार्थी व्हिसा सत्र सुरू होण्याच्या 365 दिवस आधीपासून मिळू शकतो, अमेरिकेत प्रवेश मात्र जास्तीत जास्त 30 दिवस आधी करता येतो. मे 2025 च्या अखेरीस नव्या मुलाखतींच्या तारखा देणे काही आठवडे थांबले होते आणि त्या वर्षी उशिरा कागद जमवणाऱ्यांची फार धावपळ झाली. म्हणून आय-20 हाती येताच तारीख घ्या.

तिसरा बाक

फंडिंगच्या पत्रात मोठा आकडा शेवटी पाहा. स्टायपेंड नऊ महिन्यांचा आहे की बारा, हे आधी शोधा. नऊ महिन्यांचा असेल तर उन्हाळ्यातील तीन महिने कोण भागवणार हे विचारा. शुल्कमाफी संपूर्ण आहे की विद्यापीठाचे इतर आकार तुमच्या खिशातून जाणार, आरोग्यविमा समाविष्ट आहे का, असिस्टंटशिप आठवड्याला किती तासांची आहे (एफ-1 वर सत्र चालू असताना कॅम्पसवर 20 तासांची मर्यादा असते), आणि हमी किती वर्षांची आहे, हे सर्व पत्रात स्पष्ट हवे. ‘निधी उपलब्ध असल्यास’ अशा अर्थाची ओळ दिसली, तर मागील तुकड्यांमधील किती जणांना चौथ्या-पाचव्या वर्षी खरोखर निधी मिळाला, हे कोऑर्डिनेटरना विचारा आणि तोच प्रश्न तेथे सध्या शिकणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्यालाही विचारा; दोन्ही उत्तरे जुळली नाहीत, तर मी विद्यार्थ्याच्या उत्तरावर विश्वास ठेवीन.

मास्टर्सचा मार्ग पूर्णपणे खुला ठेवायचा असेल, तर उरलेल्या रकमेच्या शैक्षणिक कर्जाचा अर्ज आताच करा. मंजुरीचे पत्र आय-20 साठी चालते, त्याला वेळ लागतो, आणि पीएचडी मिळाल्यास मंजूर झालेले कर्ज न उचलण्याची मुभा तुम्हाला असते. फक्त प्रक्रिया शुल्क परत मिळते का, हे अर्ज करण्यापूर्वी विचारून घ्या.