चित्रकलेचा क्लास आणि वाढत्या वयाची मुलं: तुमचे अनुभव सांगा

मूल सातवी-आठवीत गेलं की क्लासचा विषय निघतो आणि पाठोपाठ प्रश्न येतो, ‘एलिमेंटरीला बसवायचं ना?’ एलिमेंटरी आणि पुढची इंटरमीजिएट या राज्य सरकारच्या चित्रकलेच्या परीक्षा. इंटरमीजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात, ‘ए’ला 7, ‘बी’ला 5, ‘सी’ला 3. त्यामुळे क्लासही बहुधा त्याच हिशेबाने निवडला जातो. पण त्या वर्गात मुलांच्या हाताला आणि नजरेला काय मिळालं, हे मला ऐकायचंय. पालक, शिक्षक, स्वतः शिकलेले, सगळ्यांनी लिहा. सुरुवात मी करते.

लेकीच्या सरांनी बरेच आठवडे रंगाला हातच लावू दिला नाही. समोर एक पितळी तांब्या, बस्स. तांब्याचं तोंड गोल असतं हे तिला माहीत, म्हणून ती गोलच काढायची. सरांनी तिला आधी जमिनीवर बसवलं, मग स्टुलावर, मग उभं केलं आणि दरवेळी हात ताठ करून, पेन्सिल आडवी-उभी धरून तोंडाची रुंदी-उंची मोजायला लावली. तोंड डोळ्यांच्या पातळीत आलं की जवळजवळ सरळ रेघच दिसते. वरून पाहावं तसं लंबवर्तुळ उघडत जातं. त्यातही बुडाची कड तोंडापेक्षा जास्त गोलावते. ती सरळ ओढली की सगळा तांब्या चपटा. हे उमगलं त्या दिवसापासून ती जेवताना वाटीचे काठ निरखत बसते. आमटी गार होते, होऊ दे.

ठाणे, मुलाचे वडील

आमचा अनुभव कडू आहे. मुलाच्या क्लासमध्ये स्मरणचित्रासाठी ठरावीक माणसं पाठ करून घेतली: टोपलीवाली बाई, छत्रीवाला माणूस, पाठमोरा मुलगा. विषय मंडईचा येवो की बसथांब्याचा, तीच तिघं, फक्त मागचा देखावा बदलायचा. मुलाला ‘ए’ मिळाली. त्यानंतर त्याने कागद हातात घेतलेला नाही. स्मरणचित्र म्हणजे पाहिलेलं आठवून काढायचं. दुसऱ्याने काढलेलं आठवायचं नव्हे. क्लास लावण्याआधी तिथल्या पाच मुलांची चित्रं शेजारी ठेवून बघा. सगळी सारखी असतील तर पुढचा क्लास गाठा.

सोलापूर जिल्हा, कलाशिक्षक

गावात क्लास नाही, शाळेचा चित्रकलेचा तास हाच क्लास. पोस्टर कलरच्या बाटल्या मुलं वाटून घेतात. मी लाल, पिवळा, निळा, पांढरा, काळा एवढेच आणायला सांगतो आणि बाकीचे मिसळायला लावतो. संकल्पचित्रात, म्हणजे नक्षीकामात, रंग सपाट बसायला हवा. पाणी जास्त झालं की डाग पडतात, कमी झालं की कुंचल्याचे ओरखडे उठतात. ताज्या दह्याइतका दाट रंग झाला की मग कागदाला लावायचा. निसर्गचित्राला जास्वंद नाहीतर कण्हेर, कुंपणावरून तोडून आणलेली. आमच्या मुलांना पानाचा देठ फांदीला कुठे आणि कसा जुळतो हे शिकवावं लागत नाही. शहरातल्या मुलांची चित्रं तपासताना बघतो, पानं नुसती चिकटवलेली असतात.

कोल्हापूर, माजी विद्यार्थिनी

आमच्या बाई रविवारी पहाटे रंकाळ्यावर न्यायच्या. ऊन वर आलं की सावल्या सरकतात, म्हणून आधी सावली नोंदवून ठेवायची आणि मग ती बदलायची नाही, हा त्यांचा दंडक. एकदा सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या भवानी संग्रहालयात नेलं. राजा रविवर्म्यांची चित्रं तोवर कॅलेंडरवरच पाहिलेली. मूळ चित्रासमोर उभी राहिले तेव्हा तेलरंगातली त्वचा किती थरांनी बनते ते दिसलं. मी चित्रकार झाले नाही, बँकेत आहे. रविवार अजून सोडलेला नाही.

पुणे, आर्किटेक्चरची विद्यार्थिनी

सगळे कंटाळायचे तो या परीक्षांतला भूमिती-अक्षरलेखनाचा पेपर मला आज रोज कामाला येतो.

नाशिक, नववीत

मला मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्ससारखी चित्रं, काढायला आवडतं. क्लासमध्ये आधी ‘हे चित्र नाही’ म्हणायचे. नवीन सरांनी माझी वही पूर्ण पाहिली आणि म्हणाले, चेहरे छान, पण सगळ्यांचे हात खिशात का? कारण मला हात जमत नव्हते. आता ते रोज स्वतःच्या डाव्या हाताची स्केचेस करायला लावतात, मूठ, पेला धरलेला, बोट दाखवणारा. इंटरमीजिएटचा सरावही चालू आहे. इथे कुणी मांगा शिकलं असेल तर पानावर चौकटी कशा पाडायच्या ते सांगाल का?