चेरोकींना उठवले, त्या कादंबरीचा आरंभ कुठून करावा?

प्रश्न (दादर)

गेली दोन वर्षे मी अमेरिकेतील मूळनिवासी चेरोकी लोकांच्या १८३८-३९ मधील सक्तीच्या स्थलांतरावर मराठीत कादंबरी लिहीत आहे. पहिले प्रकरण मिसिसिपी नदीच्या काठावर घडते: पाण्यातून बर्फाचे तुकडे वाहत असल्यामुळे नावा अडल्या आहेत आणि एक मुलगी आजीच्या घोंगडीत शिरून पैलतीर पाहत आहे. हे प्रकरण वाचून दाखवले तेव्हा ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावले. परंतु एका मैत्रिणीने विचारले की, चालायला लागण्यापूर्वी ही माणसे काय करत होती? त्याचे उत्तर माझ्या ऐंशी पानांत नाही. दुसरी अडचण शब्दाची आहे. ‘विस्थापन’ हा शब्द सरकारी कागदांत इतका मळला आहे की त्यातून संगिनींचा धाक जाणवत नाही आणि ‘हद्दपारी’ म्हटले की गुन्हेगाराला तडीपार केल्यासारखे वाटते. जाणकारांनी कृपया मत द्यावे.

उत्तर (गिरगाव)

आरंभ न्यू एकोटा या जॉर्जियातील चेरोकी राजधानीच्या छापखान्यात करावा, असे मला मनापासून वाटते. सिक्वोया या चांदीकाम करणाऱ्या कारागिराने १८२१ च्या सुमारास चेरोकी भाषेची लिपी सिद्ध केली. तिच्यातील बहुतेक चिन्हे व्यंजन आणि स्वर मिळून होणाऱ्या एकेका पूर्ण अक्षराची आहेत, त्यामुळे बाराखडी घोकून वाढलेल्या आपल्या वाचकाला तिची रचना चटकन उमगेल. त्या लिपीत आणि इंग्रजीत, अशा दोन भाषांत ‘चेरोकी फीनिक्स’ हे वृत्तपत्र २१ फेब्रुवारी १८२८ रोजी निघाले. आपल्या मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले, तेही मराठी आणि इंग्रजीत. याहून जवळचा धागा असा की, ज्या मिशनऱ्याने फीनिक्ससाठी चेरोकी अक्षरांचे खिळे ओतवून घेण्यास साहाय्य केले, तो सॅम्युअल वूस्टर बोस्टनच्या ज्या मिशन मंडळाचा होता, त्याच मंडळाची माणसे १८१३ मध्ये मुंबईत उतरली आणि पुढे त्यांनी येथे मराठी छपाईचा छापखाना चालवला. खिळे, ते जुळवणारा जुळारी, शाईचा वास हे सारे मराठीत आधीपासून आहे. ते आपण निःसंकोच वापरावे. १८३५ मध्ये जॉर्जियाच्या सशस्त्र गार्डने तो छापखाना जप्त केला, तोवर वाचक त्या खोलीत रुळलेला असावा.

उत्तर (विलेपार्ले)

छापखान्याची सूचना मला मान्य आहे, पण तेथे आरंभ केला की फीनिक्सचा संपादक टाळता येणार नाही. एलायस बूडिनॉटने १८३२ मध्ये संपादकपद सोडले, कारण प्रदेश सोडून जाण्याच्या बाजूचे मत छापण्यास चेरोकींचे प्रमुख जॉन रॉस यांची परवानगी नव्हती. त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जॉर्जियाचे कायदे चेरोकींच्या भूमीवर लागू नाहीत असा निकाल दिला, तरी जॉर्जियाने सोडत काढून त्यांच्या जमिनी वाटल्या आणि अध्यक्ष जॅक्सन यांनी काहीही रोखले नाही. हे पाहूनच बूडिनॉट, चेरोकी पुढारी मेजर रिज आणि इतरांनी २९ डिसेंबर १८३५ रोजी आपली भूमी सोडून मिसिसिपीच्या पश्चिमेस जाण्याच्या करारावर सह्या केल्या. रॉस यांनी विरोधात पंधरा हजारांहून अधिक नावांचा अर्ज पाठवला, तरीही अमेरिकेच्या सिनेटने तो करार अवघ्या एका मताच्या फरकाने मंजूर केला. स्थलांतरानंतर २२ जून १८३९ रोजी बूडिनॉट आणि मेजर रिज यांना त्यांच्याच लोकांनी ठार केले. आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांना फितूर सापडला की पुढचे सोपे जाते; येथे कृपया तसे करू नये, कारण जमीन वाचणार नाही ही बूडिनॉटची भीती खरी ठरली आणि कोणाच्या अधिकाराने सही केली हा रॉस यांचा सवालही तितकाच खरा होता.

बर्फाविषयीही थोडे. अमेरिकी सैन्याच्या जनरल स्कॉटच्या सैनिकांनी मे १८३८ च्या अखेरीस माणसांना शेतांतून आणि घरांतून बाहेर काढून कोंडवाड्यांत नेले. त्या उन्हाळ्यात अवर्षण होते, छावण्यांत हगवण आणि गोवर पसरले आणि बहुतेक तांडे शरद ऋतूत निघाले. सुमारे सोळा हजारांपैकी चार हजार दगावले, असा आकडा सामान्यतः दिला जातो. त्यांतील पुष्कळ जणांनी बर्फ पाहिलाच नाही. आपली आजी कदाचित छावणीतच गेली असती.

शब्दाबद्दल: आपल्याकडे गाव ‘उठवतात’. तेच क्रियापद ठेवावे.

उत्तर (परळ)

चेरोकींचे कुळ आईकडून चालते आणि परंपरेने घर बायकांचे असे. म्हणजे ती आजी आईची आई असावी आणि त्या मुलीला वेगळे आजोळ नसावे. तिचे राहते घर हेच आजोळ. सैनिकांनी कोणाचे दार मोडले, हे यावरून ठरते. शिवाय काही श्रीमंत चेरोकींकडे कृष्णवर्णीय गुलाम होते आणि तेही त्याच वाटेने चालले. तांड्यातील गाडी कोण हाकत आहे, हे लिहिताना त्यांना गाळले तर कादंबरी अर्धी खोटी होईल.

प्रश्नकर्ता (दादर)

सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. गाडीवाल्याला मी आजवर चेहराच दिला नव्हता, याची फार खंत वाटते. काल रात्री पहिले पान पुन्हा लिहायला घेतले. मुलीचा मामा आता छापखान्यात जुळारी आहे, ती त्याच्यासाठी मक्याची भाकरी घेऊन आली आहे आणि खोक्यातील खिळ्यांत स्वतःच्या नावाची अक्षरे शोधत आहे.