स्टॅटिन, दुखणाऱ्या मांड्या आणि क्यू-टेनची गोळी

सांजवारा:
वडिलांना हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट घातल्यावर कोलेस्टेरॉल कमी करणारं, स्टॅटिन गटातलं अ‍ॅटोर्वास्टॅटिन सुरू झालं. दीड महिन्यात ते जिना चढताना कठडा धरायला लागले. दोन्ही मांड्या भरून येतात, खुर्चीतून उठायचं तर दोन्ही हात टेकावे लागतात. डॉक्टर म्हणाले, "वयामुळे असेल." सीपीके (स्नायूंना इजा झाली का ते सांगणारी रक्ततपासणी) तपासा असंही म्हणाले नाहीत. शेवटी वडिलांनी गोळी परस्पर बंद केली आणि कोणाच्या तरी सांगण्यावरून कोएन्झाइम क्यू-टेन नावाची पूरक गोळी घ्यायला लागले.

मला यात वडिलांची चूक कमी वाटते. स्टॅटिन कोलेस्टेरॉल बनण्याची जी वाट अडवतं, त्याच वाटेवर शरीराचं क्यू-टेनही बनतं. मग स्टॅटिन लिहून देतानाच क्यू-टेनही का लिहून देत नाहीत?

खडूफळा:
स्टेंट असलेल्या माणसाने स्टॅटिन परस्पर बंद करणं फार धोक्याचं आहे, आधी ते बघा.

आता दुखण्याविषयी. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेल्या 60 जणांवर एक प्रयोग झाला, 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभरात चार महिने खरी गोळी, चार महिने तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी आणि चार महिने काहीच नाही. रोज त्रासाला शंभरपैकी गुण द्यायचे. गोळी नसताना सरासरी 8, खोट्या गोळीवर 15.4, खऱ्यावर 16.3. म्हणजे बहुतेक त्रास गोळी घेतल्याच्या जाणिवेतून आला. हे आकडे दाखवल्यावर निम्म्या लोकांनी स्टॅटिन पुन्हा सुरू केलं.

सांजवारा:
म्हणजे वडिलांच्या मांड्या मनातच दुखतात? आयुष्यात कधी डोकं दुखतं म्हणून तक्रार न केलेला माणूस आहे हो तो.

खडूफळा:
दुखणं खरंच असतं, तसं नाही म्हणत मी. प्रश्न कारणाचा आहे. 2022 मध्ये 19 चाचण्यांमधल्या सव्वा लाखाच्या आसपास लोकांची माहिती एकत्र तपासली गेली. स्नायूंचा त्रास सांगणारे स्टॅटिन गटात 27.1 टक्के, खोट्या गोळीच्या गटात 26.6.

रानवाट:
त्याच अभ्यासातलं पुढचं वाक्यही सांगा ना. पहिल्या वर्षात स्टॅटिन घेणाऱ्यांमध्ये तक्रारी 7 टक्क्यांनी जास्त होत्या. काका दीड महिन्यातच आहेत. आणि सेरिव्हास्टॅटिन आठवतंय? स्नायू विरघळून मूत्रपिंडं निकामी झाल्यामुळे 2001 मध्ये ते बाजारातून काढावं लागलं. सगळ्यांनाच "मनाचे खेळ" म्हणून परत पाठवलं, तर त्यातला खरा रुग्ण हातचा जाईल.

माझ्यापुरतं सांगते. मी स्टॅटिन सोडून लाल यीस्ट तांदळाच्या कॅप्सूल घेते. नैसर्गिक आहेत, कोलेस्टेरॉलही उतरलं.

औषधीवाला:
ताई, तुमच्या या शेवटच्या वाक्यासाठीच लिहितोय. त्या कॅप्सूलमधलं मोनॅकोलिन के म्हणजेच लोव्हास्टॅटिन. 1987 मध्ये मान्यता मिळालेलं औषध आहे ते. तुम्ही स्टॅटिन सोडलेलंच नाही! फक्त आता रोज किती पोटात जातं ते माहीत नाही, कारण ते डबीगणिक बदलतं.

सांजवारा, मी काउंटरवर रोज विचारतो ते तुम्हालाही विचारतो. क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक किंवा बुरशीवरचं इट्राकोनॅझोल मध्ये चालू झालं होतं का? त्याने अ‍ॅटोर्वास्टॅटिनची रक्तातली पातळी वाढते. थायरॉइड तपासलंय का? थायरॉइड मंदावलं की कोलेस्टेरॉलही चढतं आणि स्नायूही दुखतात. तेच राहून गेलं असेल तर भांडण गोळीशी आणि रोग भलताच. लघवी काळपट चहासारखी होत असेल तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना.

क्यू-टेन मी विकतो, तरी सांगतो: काही चाचण्यांत दुखणं कमी झालं, काहींत अजिबात नाही. स्टॅटिनसोबत घेतलं तर एकवेळ ठीक. स्टॅटिनच्या ऐवजी घेतलं तर स्टेंटच्या रुग्णाला त्याचा काही उपयोग नाही.

खडूफळा:
हे मान्य. आणि त्रास खरोखर गोळीचाच निघाला तरी मार्ग आहेत: कमी डोस, रोसुव्हास्टॅटिनसारखं दुसरं स्टॅटिन, किंवा स्टॅटिन नसलेलं कोलेस्टेरॉलचं औषध इझेटिमाइब. बेम्पेडोइक अ‍ॅसिड हे असंच आणखी एक औषध तर यकृतातच कार्यरत होतं, स्नायूंमध्ये नाही.

सांजवारा:
लघवी ठीक आहे. मागच्या महिन्यात खोकल्यासाठी अँटिबायोटिक दिलं होतं. चिठ्ठी शोधून काढली, क्लॅरिथ्रोमायसिनच आहे. दोन औषधांचा मेळ बघणं कोणाचं काम होतं, हे मला त्या डॉक्टरांना विचारायचंच आहे. उद्या दुसऱ्या हृदयरोगतज्ज्ञांकडे जातोय. चिठ्ठी बरोबर घेतली आहे, सीपीके आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) यांबद्दल विचारणार आहे. गोळी पुन्हा कधी आणि किती, तेही ठरवून येतो.