मोहाखाली आग न लावता फुलं कशी वेचता? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आमचं गोंडांचं गाव गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात. २००९ साली मेंढा (लेखा) आणि मर्दा या गावांना वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाले, ते बघत बघत आम्हीही कागदं जमवली. पट्टा हातात आहे. बांबू, तेंदूपत्त्याचा हिशोब ग्रामसभा करते, राखणीच्या पाळ्याही लावल्यात.

घोडं अडलंय मोहावर. फुलं पडतात पहाटे आणि खाली पाचोळ्याचा गालिचा. त्यात वेचायची कशी, म्हणून जो तो आपल्या झाडाखालचा पाला पेटवतो. वारा सुटला की आग शेजारच्या बांबूच्या बेटात शिरते, साग-ऐनाची बोटभर रोपं जळून जातात. मोहाखाली नवं मोहाचं रोप मी कित्येक वर्षांत पाहिलेलं नाही.

सभेत दंडाचा विषय काढला तर आजी उसळली, "चार टोपल्या तू वेचून देशील का?" बरोबरच आहे तिचं. तिची कंबर आहे, माझी नाही.

काही गावांत झाडाखाली जुन्या साड्या किंवा जाळी अंथरतात असं ऐकलंय. कोणी केलंय का? दवाने फुलं खालून ओली होतात का? एका मोठ्या झाडाला किती जाळी लागते, खर्च किती, नि रानडुकरं फाडत नाहीत ना? पाला नुसता झाडून घेणाऱ्यांनीही सांगा. फोटो असतील तर फार बरं, सभेत दाखवता येतील. हंगामाला दीडच महिना उरलाय.