पोपटाचं (वालाचं) ३१ प्रकारचं गावठी बियाणं जमलं, पुढं काय?

सांदवाडी_भंडारा: राजेहो, दोन वर्षांपासून आठवडी बाजारातून, सोयऱ्यांच्या कुंपणावरून पोपटाचं बियाणं गोळा करून राहिलो. ३१ पुड्या झाल्या. यातून चांगला वाण काढायचा आहे. एकानं सांगितलं, आधी डीएनए तपास. खर्च ऐकून गप्पच बसलो. करू का? जागा आहे, पण काही बियाणं मूठभरही नाही.

बांधावरचा_पदवीधर: डीएनए मागाहून. आधी सगळं एकाच वावरात, एकाच दिवशी लावा. दिवस काही मागंपुढं लावाल तर फसाल. गावठी वाल दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाही, त्यामुळं जूनमध्ये लावलेला अन् ऑगस्टमध्ये लावलेला जवळपास सोबतच फुलतो. मग उशिरा लावलेला उगाच 'लवकर येणारा' वाटतो.

बियाणं कमी असल्यानं वावराचे चार-पाच गट पाडा. गावठी प्रकार कुठल्या तरी एकाच गटात एकदाच, पण तुलनेला घेतलेले दोन-तीन माहितीतले वाण प्रत्येक गटात. गटागटातला जमिनीचा फरक त्यातून कळतो.

मोजायचं काय: निम्म्या झाडांना फूल यायला किती दिवस, फुलाचा रंग, शेंगेची लांबी-रुंदी-वजन, वेलीमागं शेंगा, शंभर दाण्यांचं वजन. पाच वेली निवडून टॅग बांधा. या आकड्यांवरून संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांच्या (१९३६) अंतराच्या पद्धतीनं, म्हणजे कोणता प्रकार कोणापासून किती वेगळा ते मोजून, सारख्या प्रकारांचे गट पाडता येतात. पण त्याला प्रत्येक प्रकार वावरात दोन-तीन ठिकाणी लावलेला हवा, म्हणून ते पुढच्या वर्षी, बियाणं वाढल्यावर.

मिरची_वरोरा: तुलनेला वालाचा अर्का जय वाण घ्या, बी मिळते.

बांधावरचा_पदवीधर: नको भाऊ! ते बुटकं, अन् दिवस लहान व्हायची वाटही पाहत नाही. मांडवावरच्या वेलीशी त्याची काय तुलना? वेलीचाच वाण घ्या.

आजीचं_बियाणं: नावावर जाऊ नका. एकच बियाणं दोन गावांत दोन नावांनी चालते अन् एकाच नावाखाली तीन प्रकार निघतात. शेंग उकलून पाहा. भाजीच्या मऊ वालात दाणा शेंगेच्या शिवणीला समांतर असतो, दाण्याच्या वालात आडवा, अन् त्याच्या शेंगेला उग्र वास येतो. हे दोन वेगळे ठेवा. माझ्या पुड्या एकदा सरमिसळ झाल्या, दोन वर्षं वाया गेली.

बांधावरचा_पदवीधर: बरोबर. वाल बहुतेक स्वपरागीच, पण भुंगे थोडाफार संकर घडवतात. बियाण्याचे तुरे कळीतच मलमलच्या पिशवीत बांधा. पुढं संकर करताना त्या अंतराच्या हिशोबानं दूरच्या गटातले जनक (आई-बाप झाडं) घ्या, पण दोघंही उत्पन्नाला बरे हवेत. नुसतं अंतर पाहून उपयोग नाही. वाढवलेल्या बियाण्यातला नमुना राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या अकोला केंद्राला दाखवा. शेतकऱ्याचा वाण म्हणून नोंदणीही होते, २००१ चा वाण संरक्षण अन् शेतकरी हक्क कायदा आहे.

सांदवाडी_भंडारा: पिशव्या बायको शिवून देते म्हणाली. अन् १७ नंबरच्या पुडीत सहाच दाणे आहेत, काय करू?

आजीचं_बियाणं: चार लावा. दोन राखेत घालून डब्यात.